लिंबाखालच्या दोन पेट्या

तूर फुलावर असताना, नोव्हेंबरात, सातेरी, म्हणजे पेटीत पाळायच्या देशी मधमाश्यांच्या दोन पेट्या औशाजवळच्या आमच्या रानात आणल्या. लिंबाखाली लोखंडी स्टँड, मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या. तुरीनंतर करडई फुलली आणि हिवाळा मजेत गेला.

उन्हाळ्यात घात झाला. एप्रिलच्या शेवटी पारा चाळिशीपार आणि रानात फूल नाही. मी भर दुपारी साखरेचा पाक ठेवला, थोडा सांडला. वासाने शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला आल्या, दारात मारामारी झाली. आठवड्याने लुटली गेलेली पेटी रिकामी. पोळ्यांना मेण खाणाऱ्या मेणकिड्याची जाळी. उपासमार, ऊन आणि किडीला कंटाळली की सातेरी घर सोडते, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. तरी त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी काही न बोलता उरलेल्या पेटीवर कडब्याचा मांडव घातला. मायनं परातीत खडे टाकून पाणी ठेवलं, माशी बुडू नये म्हणून. "लेकराला तहान लागती, त्याइला लागत न्हाई का?" पाक आता दिवस मावळल्यावर, पेटीच्या आत. पोळं बांधायच्या लाकडी चौकटींतल्या रिकाम्या काढल्या. माश्यांना राखता येतील तेवढीच पोळी ठेवली.

पेटी तपासायला मात्र माझ्यापेक्षा बायकोचा हात हलका. माश्या शांत व्हाव्यात म्हणून धुरकणीतून धुराचे दोन झोत, चौकट सावकाश वर, उन्हाकडे तिरपी. राणी दिसलीच पाहिजे असं नाही. अंडं तीन दिवसच अंडं राहतं, म्हणजे अंडी दिसली की तीन दिवसांपूर्वी तरी राणी होती. लेक तारखा वहीत लिहिते: अंड्यापासून माशी बाहेर यायला राणीला साधारण 15-16 दिवस, कामकरी माशीला 18-20, नराला त्याहून जास्त.

सोयाबीनवरच्या फवारणीची मला फार धास्ती होती. शेजाऱ्याच्या घरी चहाला गेलो, सगळं सांगितलं. तेव्हापासून तो आदल्या दिवशी निरोप देतो आणि संध्याकाळी, माश्या परतल्यावर फवारतो. याचे उपकार मी विसरणार नाही.

यंदा करडईवर मधकोठा, म्हणजे पेटीचा वरचा मधाचा कप्पा, भरला. तेवढाच मध काढला, खालच्या, पिलांच्या कोठ्याला हात लावला नाही. फेब्रुवारीत वसाहतीने नवी राणी वाढवायला राणीकोष बांधले. बायकोने कोषासह तीन चौकटी माश्यांसकट उचलून रिकाम्या पेटीत लावल्या. लेकीने वहीत नवं पान काढलं आणि वर लिहिलं: पेटी दुसरी.