माळावर आता गिधाडं उतरत नाहीत

आज शेजारच्या काकांची म्हैस गेली. ट्रॅक्टरला बांधून माळावर नेऊन टाकली. संध्याकाळी तिकडून येताना बघितलं, कुत्र्यांची टोळी तुटून पडली होती. एक तर बरगड्यांच्या आत मान घालून ओढत होतं. वास पार पाणंदीपर्यंत. आई म्हणाली, "आमच्या लहानपणी जनावर पडलं की घटकाभरात गिधाडं उतरायची. दुसऱ्या दिवशी नुसता सांगाडा." मी या माळावर एकही गिधाड पाहिलेलं नाही.

ती आपोआप गेली नाहीत. गुरांना सुजेवर, दुखण्यावर दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. १९९० च्या दशकापासून भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी, ही तूट भरणार कधी?

गिधाडाच्या जठरातलं जहाल आम्ल सडक्या मांसातले बहुतेक जंतू मारून टाकतं. गावाची केवढी मोठी सफाई फुकटात व्हायची! आता ते मांस कुत्र्यांना, कुत्री वाढली की रेबीजची भीती, आणि पोरं त्याच वाटेनं शाळेला जातात. याचा मला खरंच राग येतो.

जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक या तशाच औषधांवरही आली. गोठ्यात गुरं असतील तर डॉक्टरांना मेलोक्सिकॅमबद्दल नक्की विचारा, दुखण्यावरचं ते औषध गिधाडांना सुरक्षित आहे. काकांच्या गोठ्यात अजून दोन म्हशी आहेत, त्यांनाही आजच सांगितलंय.