गाडी तापली, तरी पंखा का फिरला नाही?

जुनी गाडी हळूहळू तापू लागणे आणि अचानक तापणे हे दोन निरनिराळे आजार आहेत. रेडिएटरमध्ये बोअरच्या पाण्याचा क्षार साठत असेल, तर तापमानाचा काटा कित्येक महिने थोडाथोडा वर सरकत राहतो. पण कालपर्यंत मधोमध राहणारा काटा आज काही मिनिटांत लाल पट्ट्यात गेला, तर काहीतरी फुटले, तुटले किंवा अडकले आहे, असे धरूनच तपासाला लागावे.

वीस वर्षांहून जुन्या आमच्या पेट्रोल गाडीने मे महिन्यात वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात हेच केले. बॉनेट उघडले तेव्हा पाणी कोठेही गळत नव्हते, पट्टा शाबूत होता, कूलंटच्या बाटलीत मात्र बुडबुडे येत होते आणि रेडिएटरचा पंखा बंद होता. मदतीला थांबलेल्या एका मेकॅनिकने "साहेब, फॅन गेलाय" असे क्षणात सांगून टाकले आणि इंजिन निवल्यावर बॅटरीवरून वायर ओढून पंखा डायरेक्ट करून दिला. पंखा जोरात फिरू लागला. इंजिन सुरू करताच काटा मात्र पुन्हा वर चढला.

मग हीटर पूर्ण गरमवर लावला. भर उन्हाळ्यात हा अघोरी प्रकार वाटतो, परंतु हीटर म्हणजे इंजिनमधल्या गरम पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटरच असतो. जाळीतून भाजणारी हवा आली आणि काटा किंचित उतरला, याचा अर्थ हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, पाणी होते आणि वॉटर पंप ते फिरवत होता. हीटरमधून गार हवा आली असती, तर पाणी संपले आहे किंवा पंप निकामी झाला आहे, असा संशय घ्यावा लागला असता. अशा वेळी सेन्सर कोरडा पडून काटा उलट खालीही येतो आणि गाडी निवली या समजुतीने चालक पुढे निघतो. इंजिन कायमचे बसते ते बहुधा तेव्हाच.

इंजिन बंद करून पंख्यापासून हात सांभाळत पाइप चाचपले. इंजिनमधून रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप जेमतेम कोमट होता आणि रेडिएटर जवळपास गार. या गाडीत पंखा सुरू करणारा थर्मोस्विच रेडिएटरच्या खालच्या टाकीत बसवलेला आहे, आणि गरम पाणी तिथपर्यंत पोहोचतच नव्हते, तर त्याने पंखा लावायचा कशासाठी? इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली वाट बंद होती, आणि त्या वाटेवर थर्मोस्टॅट असतो: पाणी पुरेसे तापल्यावरच उघडणारी झडप.

रेडिएटरचे झाकण आम्ही उघडले नाही. साधारण 0.9 बार दाब धरणाऱ्या झाकणामुळे पाणी 118 अंश सेल्सिअसच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, पण झाकण सैल होताच ते एकदम उसळते. सुमारे 1,300 मीटर उंचीवरच्या पाचगणीला तर उघडे पाणी 96 अंशांच्या आतबाहेरच उकळते.

गाडी टो करून वाईला आणली. गॅरेजमध्ये काढलेल्या थर्मोस्टॅटच्या पितळी कडेवर 82 हा आकडा, म्हणजे झडप उघडू लागण्याचे तापमान, ठसठशीत होता. तो आणि नवा, असे दोन्ही पातेल्यातल्या पाण्यात शेगडीवर ठेवले. पाण्याला आधण येण्याआधीच नव्याची झडप उचलली गेली. जुन्याची पाणी खळखळू लागले तरी जागची हलली नाही. आतले मेण वितळून फुगते आणि स्प्रिंगला दाबून झडप उघडते. मेण पाझरून गेले की स्प्रिंग झडप बंदच ठेवते.

थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवण्याचा सल्ला तिथेही मिळाला. आपल्याकडची ही जुनी खोड मला मुळीच पटत नाही: इंजिन गरजेपेक्षा गार राहते, पेट्रोल जास्त जाते, आणि काही इंजिनांत बायपासची वाट उघडी राहून पाणी रेडिएटरला टाळूनच फिरत राहते.

एवढे तापल्यावर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले सील, फुटून पाणी ऑइलमध्ये किंवा सिलिंडरमध्ये शिरत नाही ना, हे तपासणे भागच होते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर नव्हता, धुराड्यातून पांढरा धूर नव्हता, आणि कूलंट भरून हवा काढल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबले. मग डायरेक्टची वायर काढून पंखा पुन्हा थर्मोस्विचवर जोडून घेतला. त्याच्यात काहीच बिघाड नव्हता.