विनिपेग: १५ हजार घसे आणि एक गोलकीपर

जानेवारीत विनिपेगला जाते म्हटल्यावर घरच्यांपासून व्हिसाच्या रांगेतल्या अनोळखी बाईंपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, ‘का?’ प्रश्न रास्त होता. पारा उणे पंचवीसच्या आसपास, पोर्टेज अव्हेन्यूवर वारा थेट अंगावर येतो आणि दुपारचा चहा होईस्तोवर अंधारायला लागतं. शहराच्या मध्यभागातल्या इमारती एकमेकींना बंदिस्त पुलांनी जोडल्या आहेत. त्या का, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

मला तिथे ओढून नेलं ते काही आकड्यांनी. माझा भाचा तिथे राहतो आणि विनिपेग जेट्स या आइस हॉकी संघाच्या पायी त्याची झोप उडालेली असते. २०२५च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, जेट्स घरच्या बर्फावर सात सामने खेळले, त्यांतले सहा जिंकले. बाहेर सहा खेळले आणि सहाही हरले. खेळाडू तेच, प्रशिक्षक तोच, पक म्हणजे रबराची ती चकतीही तीच. पहिल्या फेरीत सेंट लुइसशी झालेल्या सातही सामन्यांत यजमान जिंकले. त्यातला सातवा सामना विनिपेगने शेवटच्या काही सेकंदांत कोल पर्फेटीच्या गोलने बरोबरीत आणला आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये कर्णधार ॲडम लाउरीने जिंकून दिला. भाच्याने त्या रात्री पाठवलेल्या व्हिडिओत चित्र काही नव्हतंच. नुसते हलणारे पांढरे शर्ट आणि फाटलेला आवाज.

सगळ्यात बुचकळ्यात टाकणारा माणूस म्हणजे त्यांचा गोलकीपर कॉनर हेलेबक. त्या मोसमात सर्वोत्तम गोलकीपरचा पुरस्कार त्याला, आणि वर एनएचएल या लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचाही. हाच माणूस सेंट लुइसमध्ये तीन सामने खेळला आणि तिन्हींत त्याला मधेच बाहेर बसवावं लागलं. तिथलं पब्लिक त्याचं नाव लांबवत, हेल घालत, चिडवत म्हणत होतं. पुढच्या फेरीत घरी परतला आणि डॅलसला दोनदा ४-० असं कोरडं ठेवलं. हे प्रेक्षकांनी केलं का? टीव्हीवरचे तज्ज्ञ ‘हो’ म्हणून मोकळे होतात. मला जरा जवळून बघायचं होतं.

कॅनडा लाइफ सेंटर हे रिंक, जिथे पूर्वी ईटन्सचं भलंमोठं डिपार्टमेंट स्टोअर होतं त्या जागी उभं आहे. दुकानाचे संस्थापक टिमोथी ईटन यांचा बसलेला ब्राँझचा पुतळा अजून आत आहे आणि येणारा-जाणारा त्यांच्या डाव्या बुटाचं टोक घासून पुढे जातो. पुतळा काळपट, बूट मात्र लख्ख. मीही घासला, रांगेत माझ्यामागे एक आजोबा होते, न घासता पुढे जाणं उद्धटपणाचं वाटलं असतं.

आतमध्ये साधारण १५ हजार माणसं मावतात. लीगच्या मानाने हे लहानच. पण खुर्च्या उभ्या चढणीवर, छत जवळ, आणि आवाज बाहेर पडायला वाव नाही. भाचा कानाशी येऊन म्हणाला, “मावशी, आता राष्ट्रगीतात दचकू नकोस.” सगळे शहाण्यासारखे उभे होते, गाणं शांतपणे चाललं होतं, आणि ‘ट्रू नॉर्थ’ हे शब्द आले तसा अख्ख्या स्टेडियमने ते दोन शब्द बोंबलून म्हटले. संघाच्या मालक कंपनीचं नाव ट्रू नॉर्थ आहे. १९९६मध्ये या शहराचा संघ उचलून फिनिक्सला नेला गेला होता. १५ वर्षं शहर संघाविना राहिलं आणि २०११मध्ये या कंपनीने अटलांटाचा संघ इथे आणला. ती आरोळी त्याची पोचपावती आहे. मी दचकलेच.

खेळ सुरू झाल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरली तिचा आवाजाशी काही संबंध नव्हता. खेळ थांबला की बदली खेळाडू आधी पाहुण्या संघाने उतरवायचे, त्यासाठी पाच सेकंद. मग रेफ्री हात वर करतो आणि यजमानांना आठ सेकंद मिळतात. म्हणजे समोरच्याने कुठले पत्ते टाकले ते बघून आपण आपले टाकायचे. पाहुण्यांचा सर्वांत धोकादायक गट बर्फावर आला की जेट्सचा प्रशिक्षक बचावातले चिवट गडी सोडत होता, दर वेळी. मधल्या वर्तुळातल्या फेस-ऑफलाही (दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करतात तेव्हा) पाहुण्याने स्टिक आधी टेकवायची असते. या लीगमध्ये यजमान साधारण १००पैकी ५४-५५ सामने जिंकतात. त्यातला काही वाटा या नियमांचा, काही पाहुण्यांच्या विमानप्रवासाचा आणि हॉटेलातल्या उशीचा. श्रेय मात्र सगळं गर्दी खाऊन जाते, कारण तीच ओरडत असते.

तरी गर्दीचा हात दिसतो. तो कुठे दिसतो, हे मला सामन्याच्या तीन पिरियडपैकी पहिल्याच्या मध्यावर कळलं. पक पाहुण्यांच्या गोलमागे घरंगळत गेला. त्यांचा गोलकीपर जाळीबाहेर येऊन मागे वळला. अशा वेळी पक कुणी घ्यायचा आणि कुठल्या बाजूने काढायचा, हे गोलकीपर आणि बचावपटू ओरडून ठरवतात. काचेपलीकडे मला त्याचं तोंड उघडलेलं दिसत होतं. बचावपटूला काहीही ऐकू आलं नाही. दोघंही पकवर गेले, खांद्याला खांदा धडकला आणि पक जेट्सच्या स्टिकवर. गोल झाला नाही, पुढच्या फटक्याला पाय आडवा आला. पण तो एक सेकंद गोंगाटाने विकत घेतलेला होता.

नंतर मी तेच शोधत बसले. पेनल्टी, म्हणजे खेळाडूला काही वेळ बाहेर बसवायची शिक्षा, संपत आली की गोलकीपर स्टिक बर्फावर आपटून आपल्या माणसांना सावध करतो. ती आपट या आवाजात बुडते. उलट जेट्सची पेनल्टी चालू असताना, एक खेळाडू कमी असताना, एकाने आडवं पडून फटका अंगावर घेतला आणि लंगडत उठला, तेव्हा गोलला होतो तितकाच गजर झाला. पुढच्याच फटक्याला दुसरा आडवा पडला. स्केटिंग काही गर्दीमुळे वेगवान होत नसावं. ४०-४५ सेकंदांच्या शिफ्टमध्ये, म्हणजे बर्फावरच्या एका पाळीत, खेळाडू एरवीही जीव तोडूनच पळत असतो. पण दुखेल अशी गोष्ट करायची की टाळायची, हा निर्णय क्षणाचा असतो, आणि गर्दी बोट ठेवते ती अशा क्षणावर.

आता उलटी बाजू. जेट्सना पॉवर प्ले मिळाला, म्हणजे समोरचा एक गडी पेनल्टी बॉक्समध्ये. आक्रमणाची हद्द दाखवणाऱ्या निळ्या रेषेपाशी एकाकडे पक आला आणि सगळीकडून सुरू झालं, “शूट! शूऽऽट!” समोर तीन जणांची भिंत, डावीकडे साथीदार मोकळा. अर्धा सेकंद थांबला असता तर पास होता. मारला. पक कुणाच्या तरी नडगीवर आदळून थेट रेषेबाहेर. मगाचचे बूट घासणारे आजोबा नेमके आमच्या शेजारच्या खुर्चीत निघाले होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “जुन्या रिंकमध्येही हेच ओरडायचो आम्ही. तेव्हाही जात नव्हता.” जुनं रिंक म्हणजे मरून्स रोडवरचं विनिपेग अरीना, जिथे राणी एलिझाबेथचं अवाढव्य चित्र टांगलेलं असायचं. पांढऱ्या कपड्यांची प्रथाही तिथलीच, १९८७च्या प्लेऑफमधली. समोर कॅलगरी होतं, त्यांचे प्रेक्षक लाल घालत, म्हणून यांनी पांढरं.

मध्यंतरात भाच्याशी वाद झाला. त्याचं म्हणणं, गर्दी रेफ्रीला वाकवते. हे अगदीच हवेतलं नाही. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात ४० फुटबॉल रेफ्रींना एकाच सामन्यातल्या टॅकल्स दाखवल्या, काहींना आवाजासह, काहींना मुक्या. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध कमी फाउल दिले. हॉकीपटूंच्या शरीरातही फरक दिसलाय: कॅनडात खेळाडूंची लाळ तपासली तर घरच्या सामन्याआधी टेस्टोस्टेरॉन जास्त निघालं. मी म्हटलं, “अरे, पण सामन्याआधी गर्दी कुठे असते? ते टेस्टोस्टेरॉन आपल्या घराची राखण करायला चढत असेल.” तो म्हणाला, “मावशी, तू सामना बघ.”

पण माझ्याकडे दुसरा पत्ता होता. मे २०२१मध्ये महामारीमुळे याच रिंकमध्ये एकही प्रेक्षक नव्हता आणि जेट्सनी एडमंटनला दोनदा ओव्हरटाइममध्ये हरवून मालिका ४-० अशी संपवली, दुसऱ्यांदा तर तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये. पुढच्या फेरीच्या पहिल्या सामन्याला लस घेतलेल्या ५०० आरोग्यसेवकांना आत सोडलं. तो सामना ते हरले आणि मालिकाही ४-० अशी गमावली. लीगचा करंडक असलेल्या स्टॅनली कपच्या अंतिम फेरीतले सातवे सामने घ्या. २००९मध्ये डेट्रॉइट, २०११मध्ये व्हँकूव्हर आणि २०१९मध्ये बोस्टन, तिन्ही संघ आपल्याच लोकांसमोर हरले. व्हँकूव्हर तर ०-४ असं. २०२४मध्ये फ्लोरिडाने घरी जिंकून ती रांग मोडली.

याहून बोलकं उदाहरण १९७२चं आहे. सोव्हिएत संघाविरुद्धच्या मालिकेत चौथा सामना व्हँकूव्हरला होता. कॅनडा हरला आणि घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. कॅनडाचा खेळाडू फिल एस्पोझिटो घामाघूम अवस्थेत टीव्हीवर येऊन देशाला सुनावून गेला. मालिका मॉस्कोला हलली. तिथे सुमारे ३ हजार कॅनेडियन प्रेक्षक आले होते, परक्या स्टेडियममध्ये मूठभरच. पाचवा सामना गेला, मग उरलेले तिन्ही कॅनडाने जिंकले. शेवटचा पॉल हेंडरसनने ३४ सेकंद राहिले असताना. घरच्या हजारोंपेक्षा परगावचे ते ३ हजार जास्त उपयोगी पडले, असं मला वाटतं, कारण त्यांच्या ओरडण्यात मागणी नव्हती. घरचं पब्लिक हिशेब मागतं.

त्या रात्री जेट्स ओव्हरटाइममध्ये हरले. निर्णायक गोल झाला तेव्हा पाहुण्यांच्या बेंचवरचा आरडाओरडा वरच्या रांगेत आम्हाला स्वच्छ ऐकू आला. भाचा बराच वेळ बोलला नाही. आजोबांनी मात्र टोपी चढवता चढवता सांगितलं, “पॉवर प्ले.”

कुणाला जायचं असेल तर एप्रिल गाठा, म्हणजे संघ प्लेऑफमध्ये असेल तर पांढरा समुद्र दिसेल आणि नाकही शाबूत राहील. तिकीट घेताना पाहुणा गोलकीपर पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडला ज्या टोकाला असतो ते टोक निवडा, खालच्या पाच-सात रांगा सोडून थोडं वर, नाहीतर काचेच्या कडेने काहीच दिसत नाही. कानात घालायला काहीतरी न्या. आणि पक सोडून अधूनमधून त्या गोलकीपरच्या तोंडाकडे बघा: तो काय ओरडतोय आणि त्याच्या माणसांपर्यंत त्यातलं किती पोचतंय.