नाव कमी केले

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून मार्च महिन्यात दोन दिवस शाळेच्या कार्यालयात बसलो होतो. कारकुनांनी कपाटातून जुनी जनरल रजिस्टरं काढून दिली. लाल कापडी पाठीची, कोपरे झिजलेली, पानं कडक झालेली. माझी 1988 ची दहावीची बॅच शोधायची होती, पण हात आधी त्याच्या मागच्या रजिस्टरकडे गेला. 1979 साली पाचवीत दाखल झालेल्यांमध्ये अक्काचं नाव होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, सगळं निळ्या शाईत. शाळा सोडल्याच्या कारणाखाली एकच शब्द होता : घरकाम. आणि शेऱ्याच्या रकान्यात, 'सतत गैरहजर, नाव कमी केले.'

मी तलाठी. आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण लोक तलाठीच म्हणतात. 1995 सालापासून मी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, लिहितो आहे. 'हक्कसोडपत्रान्वये खालील इसमांचे नाव कमी केले' हे वाक्य किती वेळा लिहिलं असेल, याचा हिशोब नाही. हक्कसोडपत्र म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद, आणि ते इसम बहुतेक वेळा बहिणी असतात. तेच तीन शब्द आपल्या शाळेच्या रजिस्टरात, माझ्या बहिणीच्या नावापुढे दिसल्यावर मी बराच वेळ ते पान उलटू शकलो नाही.

अक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. 1981 च्या दिवाळीनंतर आजीनं अंथरूण धरलं. आई उसाच्या भांगलणीला जायची, धाकटा चार वर्षांचा होता. आजीजवळ कोण बसणार, धाकट्याला कोण बघणार, विहिरीवरून पाणी कोण आणणार, अशी चर्चा घरात झालीच नाही. अक्कानं एके दिवशी दप्तर खुंटीला अडकवलं ते अडकवलंच. मी तेव्हा चौथीत. माझी शाळा बुडेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही आलं नाही. पुढं राज्य सरकारनं मुलींची फी बारावीपर्यंत माफ केली. फार चांगलं झालं. पण अक्काच्या आड फी कधी आलीच नव्हती.

ती येत नाही हे शाळेच्या लक्षात यायला महिना लागला असावा. असं का म्हणतो, ते सांगतो. तेव्हाचा हजेरीपट ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल. आधी सगळी मुलं, मग एक जाड रेघ, मग मुली. माझ्या वर्गात बत्तीस मुलगे आणि अकरा मुली. सर एक ते बत्तीस नंबर पुकारायचे, आम्ही 'हजर' म्हणायचो. मग वहीतून डोकं वर काढून मुलींच्या बाकांकडे बघत सर विचारायचे, "मुली आहेत ना सगळ्या?" पुढच्या बाकावरची एक जण "हो सर" म्हणायची आणि तास सुरू व्हायचा. त्या सरांच्या मनात काही वाईट नव्हतं, जीव लावून शिकवायचे. पण तेहतीस ते त्रेचाळीस हे नंबर वर्षभर कुणाच्या तोंडून ऐकू आले नाहीत.

जून 1985 मध्ये, आम्ही आठवीत गेलो तेव्हा, आम्हाला वर्गशिक्षिका म्हणून बाई मिळाल्या. गणित शिकवायच्या. आपलं नाव छापलेलं त्यांना कधीच आवडलं नाही, म्हणून मी नुसतं बाई असंच लिहितो. त्या काळातले सगळे ओळखतील.

बाईंनी पहिल्याच आठवड्यात हजेरीपट नव्यानं लिहिला. रेघ काढलीच नाही. आडनावाच्या वर्णक्रमानं सगळ्यांची नावं एकाखाली एक. पहिला नंबर एका मुलीचा आला. सातवीत माझा नंबर चौथा होता, तो एकदम अकरावा झाला. मला राग आला होता. नंबर खाली गेला म्हणून आणि माझ्या वर एक मुलगी आली म्हणून. आम्ही पाचसहा जणांनी ठरवून दोन दिवस 'हजर' म्हटलं नाही. बाईंनी आमच्या नावापुढे गैरहजेरी मांडली आणि तिसऱ्या दिवशी शांतपणे विचारलं, "वर्णमालेत मुलांची अक्षरं वेगळी आणि मुलींची वेगळी असतात का रे?" उत्तर कुणाकडेच नव्हतं.

वर्ग झाडायचं कामही त्यांनी त्याच नंबरानं लावलं. तोवर झाडू मुलींच्या हातात आणि बाकं उचलणं मुलांकडे, असा रिवाज होता. शनिवारी वर्ग सारवायचा तेव्हा शेण मुलींनी कालवायचं, आम्ही फार तर बादलीभर पाणी आणून द्यायचं. बाईंच्या राज्यात रोज चार नंबर, मग त्यात कोण येईल तो. माझी पाळी आली त्या शनिवारी सकाळी मी सारवायला बसलो आणि हात कसा फिरवायचा तेच कळेना. गोळे राहायचे, मध्येच जमीन उघडी पडायची. शेजारच्या नंबरच्या मुलीनं माझा हात मनगटाला धरून अर्धगोल फिरवून दाखवला. "दाबू नको, ओढ," म्हणाली. घरी रोज पायाखाली असलेल्या जमिनीवर आईचा आणि अक्काचा हात असा फिरतो, हे मला वयाच्या तेराव्या वर्षी शाळेत कळलं. संध्याकाळी घरी आजीला सांगितलं तर ती बाईंवर चिडली. अक्का चुलीपुढं होती. ती काहीच बोलली नाही, फक्त माझे हात हातात घेऊन नखांतलं शेण बघितलं.

त्या हजेरीपटाचा खरा उपयोग श्रावणात कळला. एकोणीस नंबर एका मुलीचा होता. अठरा झाला, एकोणीसला कुणी बोललं नाही, वीस झाला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मधेच पडलेली ती शांतता सगळ्या वर्गाला ऐकू यायची. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई आम्हा दोघांना वाट दाखवायला घेऊन पावसातून तिच्या वस्तीवर गेल्या. मुलगी शेरडं राखायला गेली होती. बाईंनी तिच्या वडिलांना भाषण दिलं नाही. चहा घेतला, शेरडं किती, दूध किती, सगळं विचारलं. शेवटी एवढंच मागितलं, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला पाठवा. ती अर्धा दिवस यायला लागली. नववीत पूर्ण दिवस आली. दहावी पास झाली. आज ती आरोग्य खात्यात नोकरीला आहे.

परतीच्या वाटेवर मला अक्काचा नंबर किती होता ते आठवेना. मला तो कधी माहीतच नव्हता.

हे सगळं शिकलेला मी, 1997 साली काय वागलो तेही इथं लिहिलं पाहिजे. त्या वर्षी वडील गेले. उसाच्या पैशातून त्यांनी स्वतः घेतलेली दोन एकर जमीन मागं राहिली. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं स्वकष्टार्जित जमिनीत आई, आम्ही दोघं भाऊ आणि अक्का, चौघांचा सारखा वाटा. प्रत्येकी वीस गुंठे. मला नोकरीत दोन वर्षं झाली होती, मला हे तोंडपाठ होतं. भाऊबीजेला आलेल्या अक्काला आणखी दोन दिवस ठेवून घेतलं आणि सोमवारी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं. आईनं तिला साडी घेतली होती. सगळेच करत होते तसं आम्ही केलं. 'वीस गुंठे तुझे आहेत' हे वाक्य मी तिच्यापुढे उच्चारलं नाही.

तिथल्या माणसानं तिच्याकडे न बघताच शाईचा पॅड पुढे सरकवला. अक्का म्हणाली, "मला सही येते." त्यानं पेन दिलं. तिनं पदर सावरला, कागद सरळ केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "नाव कुठलं लिहू? माहेरचं की सासरचं?" मी म्हणालो, "सासरचं." तिनं टपोऱ्या अक्षरात, शिरोरेघ सरळ ओढून सही केली. सातवीच्या पहिल्या सत्रापर्यंत आपल्या शाळेनं दिलेलं अक्षर. पुढं फेरफार झाला, तिचं नाव कमी झालं.

नोकरीत मी कायदा बदलताना पाहिला. लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक मी लागायच्या आधीचं, 1992 चं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची चळवळ केली, त्याला सरकारची ती साथ होती. 1994 साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित जमिनीत मुलींना जन्मानं हक्क दिला, पण कायदा येण्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. 2005 साली केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची ती अट गेली. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क जन्मानंच मिळतो, दुरुस्ती झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. तरीही वारसनोंदीला आलेला भाऊ आजही हळूच विचारतो, "बहिणींची नावं इतर हक्कात टाकता येतील का?" म्हणजे सातबाऱ्यावर मालकाच्या रकान्यात भाऊ आणि 'इतर हक्क' या वेगळ्या रकान्यात बहिणी. मला तिथं हजेरीपटातली जाड रेघ दिसते. नाही म्हणायला मी शिकलो, पण उशिरा. आता हक्कसोडपत्र समोर आलं की मी त्या बहिणीला बसवून घेतो, तिचा वाटा गुंठ्यांत सांगतो आणि हरकतीचे पंधरा दिवस कुठून कुठपर्यंत आहेत ते तारखेनं सांगतो. काही जणी तरीही सोडतात, कारण माहेर तुटायची भीती खरी असते. पण त्या माहीत असून सोडतात.

2016 साली आई गेली. गावच्या तलाठी मित्रानं सवयीनं विचारलं, "बहिणीचं हक्कसोड कधी करताय?" मी म्हणालो, करायचं नाही, तिन्ही नावं लाव, मालकाच्या रकान्यात. धाकटा चार महिने माझ्याशी बोलला नाही. मग अक्काच त्याच्या घरी जाऊन आली. 1997 मध्ये तिच्या वाट्यातले जे दहा गुंठे माझ्याकडे आले, त्यांचं उसाचं बिल दरवर्षी तिच्या खात्यावर जातं. त्याचा कागद अजून झालेला नाही. या दिवाळीनंतर करायचा आहे. इथं छापून आल्यावर मला टाळता येणार नाही, म्हणूनही लिहितो.

स्मरणिकेची यादी आधी फक्त दहावी पास झालेल्यांची ठरली होती. समितीपुढं मी रजिस्टरं ठेवली आणि मधूनच शाळा सोडलेल्यांचीही नावं घ्यावीत अशी विनंती केली. कुणीही विरोध केला नाही. मधूनच गेलेल्यांत मुली किती, ते ती पानं बघितल्यावर कुणाला सांगावं लागलं नाही. शेवटच्या पानांवरची यादी वर्णक्रमानं आहे, मध्ये रेघ नाही.

परवा अक्काला फोनवर हे सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून तिनं विचारलं, "नाव कुठलं लावलंय?"

"रजिस्टरात आहे तेच. माहेरचं."

"बरं केलंस," म्हणाली. मग म्हणाली, "नंबर कितवा आलाय माझा?"