मुदाळ तिट्टा ते नांदगाव तिठा

सकाळी सातला निपाणीतून मोटारसायकल काढली. कोकणात उतरायला आंबोली आहे, गगनबावडा आहे, पण माझा जीव जडलाय तो देवगड-निपाणी राज्यमार्गावर. कर्नाटकातल्या तंबाखूच्या पेठेतून निघालेला हा रस्ता थेट हापूसच्या गावी समुद्राला भेटतो.

जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. मुरगूडपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. वैरणीला वाढ्याचे भारे नेणाऱ्या गाड्या तर अशा, की मागून चालवणारा दिसतच नव्हता.

आदमापूरला बाळूमामांच्या समाधीपुढं डोकं टेकलं. मामा 1966 साली गेले, पण त्यांची बकरी अजून गावोगाव फिरतात आणि आपल्या रानात ती बसली की शेतकऱ्याला धन्य वाटतं. पुजाऱ्यांनी कपाळभर भंडारा लावला. पुढं मुदाळ तिट्टा, सरवडे, राधानगरी.

इथं मी नेहमी थांबतो. भोगावतीवरचं हे धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं, पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. धरण भरलं की सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या जोरावर आपोआप उघडतात. पावसाळ्यात ‘राधानगरीचे किती उघडले?’ हा प्रश्न पंचगंगेकाठी घरोघरी असतो. आज दरवाजे बंद, पाणी निवांत. एवढ्या दूरदृष्टीचा राजा आपल्याला लाभला, याचा इथं उभं राहिलं की खरंच अभिमान वाटतो.

दाजीपूरला जंगल अंगावर येतं. 1958 साली गव्यांसाठी राखलेलं हे रान. गवा दिसला नाही, पण रस्त्याकडेला ताजं शेण होतं, वाफ निघणारं. गाडी हळू घेतली.

मग फोंडा घाट. वरचा गारठा वळणागणिक सुटत गेला, खाली येईस्तोवर स्वेटर काढावा लागला. फोंडाघाट गावात चहाला थांबलो. टपरीवरच्या काकींनी माझ्या कपाळाकडं निरखून बघितलं.

“बाळूमामाकडसून इलास?”

“होय काकी.”

त्यांनी चहा ठेवला, माझ्या कपाळावरचा चिमूटभर भंडारा बोटानं टिपला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. चहाचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

नांदगावला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडला. घाटावरचा तिट्टा इथं तिठा होतो. शिरगाव मागं पडलं, जांभ्याचे गडगे सुरू झाले आणि जामसंड्याच्या अलीकडं वाऱ्यावर मोहोराचा वास आला.