कोपऱ्यातला एकटा १

नव्या बॅचला द्विमितीय अ‍ॅरे (रांगा-स्तंभांत मांडलेले आकडे, म्हणजेच ग्रिड) शिकवताना मी नेहमी दिव्यांचा सराव देतो. ० म्हणजे विझलेला, १ म्हणजे पेटलेला. एखादं घर दाबलं की ते आणि त्याचे वर-खाली, डावे-उजवे शेजारी उलटतात. दिलेला ग्रिड पूर्ण विझवता येईल का, एवढंच प्रोग्रॅमने सांगायचं.

त्या दिवशी ३×३ ऐवजी ५×५ दिला. पहिली टेस्ट मुद्दाम सोपी ठेवली होती: वरच्या डाव्या कोपऱ्यात एकच १, बाकी सगळी शून्यं. अपेक्षित उत्तर मी हातानेच लिहून टाकलं, ‘शक्य’.

पहिला अर्धा तास नेहमीच्या खड्ड्यात गेला. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत शून्यांची एक रांग यादीत ठेवून ती यादी पाचने गुणून ग्रिड केला की पाचही जागी तीच एक रांग बसते. एका घरात १ टाका, अख्खा स्तंभ १ होतो. (दर बॅचला हे होतं. खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत असतो.)

मग एक मुलगी म्हणाली, “सर, पहिला ग्रिड विझतच नाही.”

“लूप नीट बघ,” मी न बघताच म्हणालो.

तिची रीत चांगली होती. सगळे पर्याय तपासायचे तर ३,३५,५४,४३२ होतात. पण पहिल्या रांगेत काय दाबायचं ते ठरलं की पुढचं ठरूनच जातं, कारण वर पेटून राहिलेला दिवा आता फक्त त्याच्या खालचं घर विझवू शकतं. म्हणजे ३२ प्रयत्न पुरे. आणखी तिघांचं उत्तरही ‘अशक्य’ आलं, तेव्हा मला वाटलं, एकमेकांचं बघून लिहिलंय.

दुपारी ती कागद घेऊन आली. पूर्ण विझलेला ग्रिड विझलेलाच ठेवणारे पर्याय ३२ पैकी चार निघाले होते, एकही घर न दाबण्याचा धरून. त्यातल्या एकात दाबायची घरं तिने रंगवली होती: पहिला, तिसरा आणि पाचवा स्तंभ, मधली रांग सोडून. एकूण बारा.

“कुठलंही घर दाबा सर. या बारांतली दोन उलटतात, नाहीतर एकही नाही.”

मी पंचवीसही घरं बोटाने मोजली. खरंच. म्हणजे या बारांत पेटलेल्यांची संख्या विषम असेल तर ती कायम विषमच राहणार, शून्य कधीच होणार नाही. आणि माझा कोपरा त्या बारांतलाच! आकृती ९० अंशांनी फिरवली की दुसरी तशीच अट मिळते. दोन्ही पाळणारे ग्रिड एकूण ग्रिडच्या फक्त एक चतुर्थांश. ३×३ मध्ये मात्र ५१२ च्या ५१२ विझतात. ते मी कधीतरी सगळे चालवून पाहिले होते आणि त्याच भरवशावर ३ चे ५ केले होते.

सगळ्यांसमोर फाइल उघडून ‘शक्य’च्या जागी ‘अशक्य’ लिहिलं आणि टेस्ट पुन्हा चालवल्या. चौघंही पास. सकाळपासून पास दिसणारे दोघं आता फेल. त्यांचा कोड उघडला तर त्यात ग्रिड वाचलाच नव्हता, एकच ओळ होती: ‘शक्य’ छापा.