आमची वाटचाल : बोट ठेवलं की उत्तर देणारा नकाशा

सुरुवातीची काही वर्षं आमच्या नकाशांच्या फर्मचं सगळं काम प्लॉटरमधून, म्हणजे मोठे कागद छापणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडायचं. साताऱ्यात दोन खोल्या, दोन संगणक. ऑटोकॅडवर नकाशा काढायचा, ए-झिरो कागदावर छापायचा आणि गुंडाळी करून पोचवायची. एकदा एका ग्रामपंचायतीत पाणीयोजनेच्या कामाला गेले, तर आम्हीच दिलेली गुंडाळी कपाटावर पडलेली दिसली. तिचं रबरसुद्धा कुणी काढलं नव्हतं. बाहेर वॉलमन काका, म्हणजे गावच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारे, हातातल्या लांब चावीने मातीत रेघा ओढून मला सांगत होते, "ताई, ही लाइन देवळामागून खाली उतरते, आणि इथं या दगडाखाली व्हॉल्व्ह आहे." काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांच्यानंतर हे सगळं मातीतच राहणार, हे मला तिथे उभ्या उभ्याच कळलं.

तेव्हापासून आम्ही हलत्याबोलत्या, म्हणजे मोबाइलवर बोट ठेवलं की माहिती देणाऱ्या, नकाशांकडे वळलो. महागडं सॉफ्टवेअर परवडणारं नव्हतं. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर मोफत होतं. गॅरी शर्मन यांनी 2002 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आज जगभरची माणसं मिळून सांभाळतात. आमच्यासारख्या छोट्या फर्मसाठी हे उपकारच आहेत, आणि ते मी मोकळेपणाने मानते. तयार नकाशा ब्राउझरमध्ये दाखवायला लीफलेट घेतलं. 2011 साली आलेली ही तयार कोडची लायब्ररी 40 केबीच्या आसपास आहे, म्हणून जेमतेम रेंज असलेल्या डोंगराकडच्या गावातही उघडते. नकाशामागचं उपग्रहचित्र मात्र जड असतं. ते 256 पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांत येतं आणि झूमची एक पायरी वाढली की एका तुकड्याचे चार होतात. त्यामुळे आमच्या नकाशात ते सुरुवातीला बंदच असतं. ज्याला हवं तो चालू करतो.

देवनागरीने आम्हाला फार छळलं. नकाशाची माहिती ज्या शेपफाइलमध्ये साठवायचो, तिच्यात रकान्याच्या नावाला 10 बाइटच मिळतात आणि युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत आपल्या एकेका अक्षरचिन्हाला 3 बाइट लागतात. 'मालकाचे नाव' असा साधा रकानासुद्धा बसत नाही. अक्षरं साठवायची पद्धत (एन्कोडिंग) चुकली की गावांच्या नावांची प्रश्नचिन्हं होतात ती वेगळीच. जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल प्रकाराकडे गेलो तेव्हा कुठे ही कटकट संपली. यवतमाळच्या कामात वेगळाच पेच पडला. 78 अंश रेखावृत्त त्या जिल्ह्यातूनच जातं, म्हणून अर्धं काम यूटीएमच्या (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायच्या पद्धतीच्या) 43 झोनमध्ये आणि अर्धं 44 मध्ये.

पण खरा धडा मिळाला तो एका बांधावर. एका शेतकरी कुटुंबाला गटाचा नकाशा मोबाइलवर दिला. हद्दीला बोट लावलं की क्षेत्र दिसायचं. सातबाऱ्यावर 40 गुंठे, आमच्या स्क्रीनवर 44 च्या वर! दोघा भावांत वाटपाची बोलणी चालली होती. धाकट्याने स्क्रीनशॉट काढून ठेवला आणि जास्तीचे चार गुंठे कुठे गेले म्हणून घरात वाद पेटला. चूक सर्वस्वी आमची होती. वेबवरचे बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायच्या एका पद्धतीत, असतात, आणि त्यात विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितकी जमीन फुगत जाते. साताऱ्याच्या अक्षांशावर क्षेत्र सुमारे 10 टक्क्यांनी जास्त भरतं. आम्ही क्षेत्रफळ यूटीएममध्ये न काढता थेट त्या फुगलेल्या आकड्यांवरून काढलं होतं.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. दोघा भावांसमोर बांधावर टेप धरून 330 फूट मोजले, म्हणजे आपल्या 33 फुटी साखळीच्या 10 साखळ्या. तेच अंतर आमच्या स्क्रीनवर 346 च्या पुढे जात होतं. थोरले दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कागदावर असतं तर एकदा तरी शंका घेतली असती. मोबाइलनं सांगितलं म्हणून खरं धरलं." हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. बोट ठेवल्यावर मिळालेल्या उत्तराला लोक पुरावा मानतात. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक क्षेत्राखाली 'अंदाज, मोजणी नव्हे' असं लिहिलेलं असतं. आणि नकाशावरच्या प्रत्येक बिंदूला दोन रकाने सक्तीचे आहेत : कोणी दाखवलं, कधी दाखवलं. ग्राहक म्हणतात, हे कशाला हवं, पडद्यावर गर्दी होते. मी ते काढत नाही.

15 फेब्रुवारी 2021 ला केंद्राची नवी भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वं आली आणि भारतीय कंपन्यांना नकाशे तयार करायला, विकायला आधी परवानगी घेण्याची गरज उरली नाही. तोवर आम्ही मोठ्या कंपन्यांच्या हाताखाली तुकड्या-तुकड्यांनी कामं करत होतो. आता काम स्वतःच्या नावावर घेतो. आज आम्ही पाचजण आहोत.

वॉलमन काकांच्या गावचा नकाशा आम्ही त्यांच्याबरोबर चालूनच केला. जागेवर फिरत नकाशा भरायचं क्यूफील्ड हे अ‍ॅप विनारेंज चालतं. काका पुढे, मोबाइल घेऊन आमच्या ऑफिसातला मुलगा मागे. फोनचा जीपीएस पाचेक मीटर इकडेतिकडे होतो, म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हजवळच्या दगडाचा, भिंतीचा, झाडाचा फोटोही जोडला. रस्त्याखाली गेलेले तीन व्हॉल्व्ह फक्त काकांनाच माहीत होते.

काका निवृत्त झाले. गेल्या पावसाळ्यात रात्री शाळेजवळची मुख्य लाइन फुटली. नव्या वॉलमनने मोबाइलवर नकाशा उघडला, फोटोतली भिंत ओळखली, खोरं मारलं आणि व्हॉल्व्ह बंद केला. सकाळी दुरुस्ती झाली तेव्हा तिथे एक नवा व्हॉल्व्ह बसला. दुपारी मी ऑफिसात नकाशा उघडला, तर नवा बिंदू आलेला होता. आधीच्या सगळ्या बिंदूंवर काकांचं नाव. या एकावर, 'कोणी दाखवलं' या रकान्यात, त्या नव्या वॉलमनने स्वतःचं नाव लिहिलं होतं.